जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आणि उशिरा जमा केलेला जॉब

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून विचारलं, "तू कशावर बोलशील?" त्यांची अपेक्षा होती की मी संगणकावर बोलेन. मी म्हटलं, "गिअरबॉक्सवर बोलते." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं. पण लांबवू नकोस, नंतर जेवण आहे." तेव्हा जेवणाचं भान ठेवून बोलते.

पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. बरीच वर्षं अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते. हा मोटारींचा मुलूख. फोर्डचं मुख्यालय असलेलं डिअरबॉर्न आमच्यापासून जवळच आहे. तिथे चार वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली, १९६६ची फोर्ड मस्टँग. दोन दारांची, २८९ घनइंचांचं म्हणजे साधारण ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन असलेली. ऐकायला हे श्रीमंती वाटतं, पण तसं नाही. मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली आणि तुफान खपली. एकट्या १९६६च्या मॉडेलच्या सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यामुळे ती दुर्मीळ नाही आणि तिचे सुटे भाग आजही मिळतात. शिवाय माझ्या गाडीचा गिअरबॉक्स आजारी होता, म्हणून ती आणखी स्वस्तात मिळाली.

तिच्या दारावर एक पत्र्याची पट्टी आहे. त्यावर रंगापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत सगळं आकड्या-अक्षरांत ठोकलेलं असतं. गिअरबॉक्सच्या रकान्यात ६ हा आकडा होता. त्याचा अर्थ सी-४, फोर्डचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. तो दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरायचा, आणि रिव्हर्स टाकला की गाडी विचार करून मगच मागे जायची.

सोपा मार्ग होता सी-४ उघडून दुरुस्त करून घेण्याचा. मी ठरवलं, तो काढून मॅन्युअल बसवायचा. याला दोन कारणं. पहिलं भावनेचं. मी गाडी शिकले ती आमच्या घरच्या पद्मिनीवर, स्टिअरिंगजवळच्या हँडल गिअरवर. खंबाटकीच्या घाटात ट्रकच्या मागे चढावर गाडी थांबली की बाबा म्हणायचे, "हाफ क्लच धर, घाबरू नको." अमेरिकेत गेल्यापासून डाव्या पायाला काही कामच उरलं नव्हतं. दुसरं कारण हिशोबाचं. सी-४चा तिसरा गिअर म्हणजे सरळ एकास एक. माझ्या गाडीच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ३.०० आहे, म्हणजे ताशी १०५ किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण २६०० फेरे मारतं. पाचवा गिअर ०.६८चा मिळाला तर त्याच वेगाला १८०० फेरे पुरतात. आवाज कमी, पेट्रोल कमी.

वर्कशॉपमध्ये विचारलं. सुटे भाग आणि मजुरी मिळून साडेपाच हजार डॉलर सांगितले. घरात त्या वर्षी नोकरीची अनिश्चितता होती. नवरा म्हणाला, "दोन हजारांत बसत असेल तर कर. पुढचा एक डॉलर लागला तर गाडी विकायची." मी कबूल झाले. काम मी स्वतः करणार होते. इंजिनीअरिंगची पदवी माझ्याकडे होती, पण हाताने मी आयुष्यात एक स्क्रूही धड पिळलेला नव्हता.

ज्यांचा यंत्रांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक मोठा डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन तेल फिरवतं, तेल गिअरबॉक्सला फिरवतं. मॅन्युअलमध्ये त्या जागी जड लोखंडी चाक येतं, ते फ्लायव्हील, आणि त्याला चिकटणारी-सुटणारी क्लच प्लेट. त्यामुळे गिअरबॉक्स बदलायचा म्हटलं की त्याचा सगळा गोतावळा बदलावा लागतो. क्लचचं पेडल, अरुंद ब्रेक पेडल, क्लचची केबल, फ्लायव्हील, बेलहाऊसिंग म्हणजे ते सगळं झाकणारी घंटेच्या आकाराची पेटी, इंजिनाच्या शाफ्टच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग, गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा क्रॉसमेंबर, आणि तेल थंड करायला रेडिएटरकडे गेलेल्या जुन्या नळ्या बंद करणं. यातला गिअरबॉक्स कुठेही मिळतो. खर्च आणि मनस्ताप होतो तो या किरकोळ सामानाचा.

स्वस्तातला ठरलेला मार्ग असा, की १९८०च्या दशकातल्या मस्टँगचा पाच गिअरचा बोर्ग-वॉर्नर टी-५ जुन्या बाजारातून घ्यायचा. मोडीत काढलेल्या १९८९च्या एका मस्टँगचा पूर्ण संच मला एका वयस्कर गृहस्थांकडे मिळाला. गिअरबॉक्स, बेलहाऊसिंग, क्लच फोर्क आणि फ्लायव्हील मिळून सातशे डॉलर. या संचाची सोय अशी की तो २८९ इंजिनाला जसाच्या तसा बोल्ट होतो. सी-४च्या मागच्या शाफ्टला २८ खाचा, टी-५लाही २८, त्यामुळे मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट माझ्या गाडीत जुनाच बसला. वजनही बेताचं, चौतीस किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसांनी गाडीखाली झोपून उचलण्यासारखं. गंमत म्हणजे या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये घालायचं तेल ऑटोमॅटिकचंच असतं. टी-५ची १९८५ पासूनची सुधारित आवृत्ती त्याच पातळ तेलावर चालते. सवयीने जाड गिअर ऑइल घातलं की गिअर अडकल्यासारखे पडतात.

हिशोबाची वही मी सोबत आणली आहे, वाचून दाखवते. संच ७००. गिअरबॉक्सच्या आतल्या सिंक्रो रिंगा, बेअरिंगं आणि सील २१०. क्लच किट १९०. जुनी पेडलं १८०. केबल आणि तिचं सामान १३०. क्रॉसमेंबर १४०. पायलट बेअरिंग, बोल्ट आणि तेल ९०. एकूण १६४० डॉलर. जॅक शेजाऱ्यांचा. मजुरी माझी, म्हणजे फुकट.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सलग सहा शनिवार-रविवार मी त्या गाडीखाली होते. सी-४ उतरवला, पुसला, कापडात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवला. पुढेमागे कुणाला गाडी मूळ रूपात हवी असली तर ती होऊ शकावी, म्हणून शरीराला लागेल तेवढाच कट द्यायचा असं ठरवलं होतं. गिअरच्या दांड्यासाठी मधल्या बोगद्याचा पत्रा जेमतेम दोन बोटं कापावा लागला. पेडलं बसवताना डॅशबोर्डखाली उलटं डोकं करून पडावं लागतं. मानेचे व्यायाम करणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

बेलहाऊसिंग बसवल्यावर त्याचं मधलं भोक इंजिनाच्या शाफ्टशी एका केंद्रात आहे का, हे डायल गेजने तपासतात. केंद्र पाच थाऊंपेक्षा जास्त सरकलेलं चालत नाही. थाऊ हा शब्द सरांच्या तोंडून आपण ऐकलाय, इंचाचा हजारावा भाग. माझी सुई पूर्ण फेरीत सहा थाऊ फिरली, म्हणजे केंद्र तीन थाऊ बाजूला. चालण्यासारखं. मी फार खूश झाले. एवढं बारीक मोजलं म्हणजे सगळंच बरोबर आहे, असं वाटायला लागलं.

गाडी सुरू झाली. पहिला पडला, दुसरा पडला. गल्लीतून बाहेर आले, थोडा वेग घेतला आणि सगळी गाडी थरथरायला लागली. आरशात मागचं काही दिसेना इतकी. वेग वाढवावा तशी थरथर वाढे. परत आले आणि इंजिन बंद करून तशीच बसून राहिले.

पुढचे तीन आठवडे मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी त्या वयस्कर गृहस्थांना एक खरमरीत निरोप पाठवला. तुम्ही मला खराब गिअरबॉक्स विकलात, निम्मे पैसे परत करा. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "फ्लायव्हील कोणतं बसवलंत?" मला वाटलं, हे विषय बदलताहेत. मी उत्तरच दिलं नाही. इंजिनाचे माउंट बदलायचा विचार केला, प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करायला टाकण्याचा विचार केला. प्रत्येक विचाराला शे-दोनशे डॉलर लागणार होते आणि माझ्याकडे ३६० उरले होते. नवऱ्याने काही म्हटलं नाही, पण गाडीच्या विक्रीची जाहिरात मी मनात लिहायला घेतली होती.

आता आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल. त्यावर सकाळी फुलं येतात आणि रात्री विनोद येतात, असं आपण म्हणतो. मी एका रात्री त्यावर त्या थरथरणाऱ्या गाडीचा व्हिडिओ टाकला. दहा मिनिटांत आपल्यातल्याच एकाचा फोन आला. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. नाव घ्यायचं नाही अशी त्याची अट आहे. तो या सभागृहात बसलाय आणि आत्ता खाली बघतोय.

त्याने विचारलं, "गाडी उभी असताना थरथरते का?"

मी म्हटलं, "बघितलं नाही."

"मग काय बघितलंस? न्यूट्रलला टाक, उभ्या जागी रेस कर."

केली. थरथरली.

"म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, चाकं, अ‍ॅक्सल यांचा संबंध नाही. आता क्लच पूर्ण दाब आणि रेस कर."

केली. तरी थरथरली.

"म्हणजे गिअरबॉक्सचाही नाही. त्याला कशाला शिव्या देतेस? इंजिनासोबत फिरणारं तू नवीन काय लावलंस?"

मित्रांनो, हे माझं रोजचं काम आहे. प्रोग्रॅममध्ये चूक असली की अर्धा अर्धा भाग वगळत चूक कुठे आहे ते शोधायचं. ते मी वीस वर्षं पगार घेऊन करते. स्वतःच्या गॅरेजात मात्र मी तीन आठवडे माणसावर संशय घेत बसले होते, आणि दोन मिनिटांची तपासणी केली नव्हती.

इंजिनासोबत फिरणारं नवीन म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच. मी गॅरेजात गेले आणि आठवलं. फ्लायव्हील आणलं तेव्हा त्यावर पिवळ्या रंगात ५० असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, ते त्यांच्या दुकानातली किंमत किंवा नंबर असेल. मी ते रॉकेलसारख्या क्लीनरने स्वच्छ पुसून टाकलं होतं.

तो आकडा असा. फोर्डच्या या इंजिनांचा तोल पूर्णपणे आत साधलेला नसतो. थोडं वजन मुद्दाम बाहेर, पुढच्या पुलीच्या डॅम्परवर आणि मागे फ्लायव्हीलवर एका बाजूला ठेवलेलं असतं. जुन्या इंजिनांत हे वजन २८ औंस-इंच असे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डने ते ५० केलं. दोन्ही फ्लायव्हीलं दिसायला सारखी, बोल्टची भोकंही तीच. त्यामुळे चुकीचं चाक बिनतक्रार बसतं. माझं इंजिन १९६६चं, चाक १९८९चं. मी नंतर गणित मांडलं. २२ औंस-इंचाचा फरक म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दीडशे किलोंहून जास्त जोर, सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलत, इंजिनाच्या टोकाला हिसके देतोय. आणखी काही दिवस तशीच चालवली असती तर बेअरिंगं गेली असती. आणि फ्लायव्हील ही गंमत नाही. वेगात फुटलं तर तुकडे पत्रा फाडून चालकाच्या पायाशी येतात.

सगळं परत उतरवलं. २८ औंसांचं फ्लायव्हील १७० डॉलर, नवे बोल्ट वगैरे ३०. एकूण खर्च १८४० डॉलर. दुसऱ्या वेळी उतरवून चढवायला सहा नव्हे, दीड शनिवार-रविवार लागले. गाडी सुरू केली, बोनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी हललं, सांडलं नाही.

त्याच संध्याकाळी मी त्या गृहस्थांकडे गेले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "मी लिहून दिलं होतं की." बस, एवढंच. मग त्यांनी मला त्यांची गाडी दाखवली आणि चहा पाजला, आपल्यासारखा नव्हे, पण चहा.

कुणाला असा उद्योग करायचा असेल तर तीन गोष्टी सांगून ठेवते. ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्ये सुरू व्हावी म्हणून स्टार्टरच्या वायरमध्ये एक स्विच असतो. गिअरबॉक्स काढला की तो जातो. वायर नुसती जोडून टाकली तर गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरेल आणि ती उडी मारेल. म्हणून क्लच पेडलवर स्विच बसवा, पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरायला नको. दुसरं, ऑटोमॅटिकमधलं पार्क आता नसतं, तेव्हा हँडब्रेकची केबल आधी तपासा. तिसरं, हे भारतात करायचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि पाना उचलण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी हा विषय घेतला.

नववीला आपल्याला टेक्निकल होतं. कानशीने लोखंडाचा तुकडा घासून चौकोनी करायचा, चारही कोन काटकोनात. सर काटकोन्या लावून तो खिडकीच्या उजेडात धरायचे. फटीतून उजेड दिसला की जॉब परत. माझा जॉब तीन वेळा परत आला. हाताला फोड आले होते. शेवटच्या दिवशी, रोल नंबर ठोकायच्या आधी, माझ्या बाजूच्या टेबलावरच्या मुलाने आपला जॉब माझ्याकडे सरकवला आणि माझा स्वतःकडे घेतला. म्हणाला, "तुला नंबरात यायचंय, मला काय फरक पडतो." मला पंचवीसपैकी तेवीस मिळाले. माझ्या जॉबवर त्याला अकरा मिळाले, आणि वर्गासमोर बोलणी खावी लागली. मी तेव्हा गप्प बसले. त्यानंतर तीस वर्षं गप्प बसले. पुढे इंजिनीअरिंगच्या मुलाखतीत कुणी विचारलं की वर्कशॉपची आवड आहे का, तर मी हो म्हणायचे, आणि दर वेळी मला तो तुकडा आठवायचा.

त्या रात्री ज्याचा फोन आला तो हाच मुलगा. फोन ठेवताना मी त्याला म्हटलं, "तुझे बारा गुण माझ्याकडे आहेत." तो म्हणाला, "कुठले गं?" तो विसरून गेला होता.

सर, तुम्ही आज इथे आहात म्हणून बोलले. तो तेवीस गुणांचा जॉब माझा नव्हता. त्याचा होता.

त्या क्लच स्विचसाठी एक छोटी पट्टी लागते. बाजारात ती बारा डॉलरला मिळते. मी विकत घेतली नाही. पोलादाची पट्टी व्हाइसमध्ये धरून कानशीने घासून बनवली. चार बिघडल्या, पाचवी गाडीत बसवली. सहावी इथे पिशवीत आणली आहे, चारही कोन काटकोनात करायचा प्रयत्न केलाय. काटकोन्याही आणलाय.

सर, गुण नकोत. पण जेवणाआधी एकदा खिडकीपाशी उजेडात धरून बघा. फट दिसली तर परत घेऊन जाईन.